मागच्या जिन्यावरचा तास

स्टुडिओत काडी ओढायची नाही, हा कॉलेजातला एकच नियम असा होता की जो सगळे मनापासून पाळायचे. घरांचे नकाशे काढायला शिकवणारं कॉलेज ते. वरच्या मजल्यावर लांबलचक खोली, तिच्यात उतरत्या पाटीची टेबलं आणि जिकडे बघावं तिकडे ट्रेसिंग पेपर. हा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. ठिणगी पडायची खोटी, महिन्याची मेहनत डोळ्यांदेखत गेली म्हणून समजा. त्यामुळे ज्याला सिगरेट ओढायची असेल त्याने मागच्या दाराने लोखंडी जिन्यावर जायचं. जिना जिथे वळायचा तिथे पाचसहा माणसं आरामात उभी राहतील एवढी सपाट जागा होती. तिलाच सगळे 'जिना' म्हणायचे.

पट्टी या जिन्यावर जात नसे. पट्टी म्हणजे दुसऱ्या वर्षातली उंच, सडपातळ, चालताना कुठेही न वाकणारी मुलगी. कॉलेजात आली त्याच आठवड्यात कुणीतरी तिला हे नाव ठेवलं आणि आईवडिलांनी ठेवलेलं नाव तेवढं हजेरीपुरतं उरलं. तिला नावाचा राग नव्हता. चिडवायला का होईना, आपल्याला हाक मारतात याचंच तिला बरं वाटायचं.

तिचं दुःख निराळं होतं. ते होतं सरांबद्दल.

सर म्हणजे बुटके, विस्कटलेल्या केसांचे, कानावर कायम पेन्सिल खोचलेले गृहस्थ. त्यांनी बांधलेली घरं बघायला लोक गाडी करून जात. पण वर्गात ते जवळजवळ मुके. टेबलापाशी यायचे, मान तिरकी करून नकाशा बघायचे आणि म्हणायचे, "हं." मग थोड्या वेळाने, "परत काढा." का परत काढा, कुठे चुकलं, काही नाही. पट्टी बिचारी खोडरबर घेऊन बसायची. आणि मधल्या सुट्टीनंतर जिन्यावरची मंडळी हसतखिदळत आत यायची ती तोंडात नव्या नव्या गोष्टी घेऊनच.

"सर म्हणाले, दार उघडल्याबरोबर समोर भिंत आली की माणूस दचकतो."

"सर म्हणाले, पायरी पायाला विचारून काढा, फूटपट्टीला नको."

"कधी म्हणाले?" पट्टी विचारायची.

"आत्ता. जिन्यावर."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. सरांच्या बोटांत सिगरेट आली की त्यांची जीभ सुटते. वर्ग भरतो इथे आणि शिकवणं होतं तिथे.

एकदा ती धीर करून नुसतीच गेली. दार ढकललं, तर तिथे सर होते, तात्या होता, पैलवान होता, घारी होती. तात्या वयाने वर्गात सगळ्यांत लहान, पण बोलणं-चालणं पेन्शनरासारखं. पैलवान नावाप्रमाणे रुंद आणि मनाने लोण्यासारखा. घारी पट्टीची शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, मांजरासारख्या डोळ्यांची. सर काहीतरी रंगात येऊन सांगत होते. पट्टी दिसताच गप्प झाले.

"काय गं? काही काम होतं?"

"नाही सर."

"मग?"

हातात सिगरेट असली की माणसाला उभं राहायला दुसरं कारण लागत नाही. ती संपेपर्यंत तो तिथलाच. रिकाम्या हातांनी उभं राहिलेला माणूस मात्र वसुलीला आल्यासारखा दिसतो. पट्टी "हवा बघायला आले होते" असं काहीतरी पुटपुटली आणि परत फिरली. मागे कुणीतरी हसलं. ते हसणं तिच्यावर नसेलही, पण तिला ते दिवसभर कानात ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने घारीला गाठलं. "मला एक देशील?"

"तू?" घारीचे डोळे आणखी घारे झाले. "अगं, तू चहासुद्धा फुंकून फुंकून पितेस!"

"दे गं. आणि शिकव."

शिकवायला फारसं काही नव्हतं. पट्टीने पहिला झुरका घेतला आणि ती अशी काही खोकली की खालच्या मजल्यावरच्या ऑफिसातून शिपाई बघायला आला. पैलवानाने पाठीवर थापटलं, तात्याने "होतं होतं, सुरुवातीला सगळ्यांचं होतं" असा आजोबांसारखा दिलासा दिला, आणि सर, होय, खुद्द सर, हसले. डोळ्यांतून पाणी, घशात मिरच्या, डोकं गरगरतंय, आणि तरी पट्टीला वाटलं की जग जिंकलं. कारण सर तिच्याकडे वळून म्हणाले, "तुझं ते वाचनालय. त्याची खिडकी कुठे घेणार आहेस तू?"

वाचनालय हे त्या सत्रातलं काम. लहानशा गावासाठी एकमजली वाचनालय काढायचं होतं, आणि सत्राच्या शेवटी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर नकाशा मांडून उभं राहायचं होतं. पट्टीचं सगळं जमलं होतं, फक्त वाचायच्या खोलीची खिडकी जमत नव्हती. इकडे घेतली तर ऊन डोळ्यांत, तिकडे घेतली तर पुस्तकांवर. सर त्या दिवशी तिच्या खिडकीवर सिगरेट संपेपर्यंत बोलले, आणि मग दुसरी पेटवून बोलले.

झालं. पट्टी जिन्यावरची झाली. ओढायची कमी, धरायची जास्त. मधूनमधून राख झटकली की बाकी कुणी बघत नाही, हेही ती शिकली.

घरी मात्र आई होती, आणि आईला नाक होतं. आई घरी शिवणकाम करायची. कुठल्या कापडात किती खळ आहे हे ती नुसत्या वासावरून सांगायची. पट्टीने लवंग चघळली, तोंड धुतलं, तरी आईने तिची वेणी हातात घेतली आणि नाकाला लावली.

"कोण ओढतं?"

"जिन्यावर सगळेच ओढतात. वास लागतो."

"वास लागला तर बाहेरून लागतो. हा आतून येतोय."

पट्टी खाली बसली. आईशी खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. घड्याळं दुरुस्त करून आलेले बाबा कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. ते वर्तमानपत्र थोडं वर गेलं. बाबांनीही तरुणपणी पुष्कळ ओढल्या होत्या, त्यामुळे या विषयात त्यांनी तोंड लपवणंच शहाणपणाचं मानलं.

"आवडते तुला?" आईने विचारलं.

"शी! नाही गं."

"मग कशाला?"

"तिथे उभं राहायला मिळतं."

आईने सुई तोंडातून काढली. "उभं राहायला? अगं, उभं राहायचंच असेल तर बसच्या थांब्यावर राहा. कुणी हटकत नाही."

वर्तमानपत्रामागून बाबा फिस्कन हसले.

"तुम्ही हसू नका. तुमचंच नाक, तुमचंच रक्त." मग आई पट्टीकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला. "हे बघ, तुला आवडत असती तर मी भांडले असते. आवडत नाही आणि ओढतेस, याला काय म्हणू मी? शिकायला जातेस ना? मग शिकण्याचं काहीतरी हातात धर आणि उभी राहा."

रागावली असती तर पट्टीने उलट उत्तर दिलं असतं. पण आईने परत मशीन सुरू केलं, आणि त्या घरघरीत तिला स्वतःचंच उत्तर कसंनुसं वाटायला लागलं. तिथे उभं राहायला मिळतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर तिने ते सगळ्यांना विचारलंच. "खरं सांगा, पहिली का ओढलीत?"

तात्याने घसा साफ केला. "आमचा दादा ओढायचा. आपणही तसं दिसावं म्हणून मी आरशासमोर उभा राहून ओढली. पेटवलीच नव्हती. नंतर पेटवली."

"माझा मामा म्हणाला, मुलींना जमायचं नाही," घारी म्हणाली. "जमवून दाखवली. आता मामाने सोडून दिली आणि माझी राहिली. बघ, जिंकलं कोण?"

पैलवान बराच वेळ कठड्यावरचा गंज नखाने खरवडत राहिला. "मी हॉस्टेलवर आलो तो पहिला रविवार. सगळे कुठे कुठे गेलेले. घरची फार आठवण येत होती. शेजारच्या खोलीतला आला आणि म्हणाला, घेणार का? त्या दिवसात मला कुणीतरी काहीतरी विचारलं ते तेवढंच. त्याने पेरू विचारला असता ना, तर मी पेरू खाल्ला असता."

सगळे खो खो हसले. पैलवानही हसला. मग पट्टीने भीत भीत सरांकडे बघितलं.

"माझे सर ओढायचे," सर म्हणाले. "त्यांच्याजवळ उभं राहायचं म्हणून."

आणि का कुणास ठाऊक, एवढं बोलून ते चौघांच्या हातांकडे बघायला लागले. चव छान लागली म्हणून, असं एकानेही सांगितलं नव्हतं.

पट्टीने त्या दिवसानंतर सिगरेट धरली नाही. आता रिकाम्या हातांनी जायचं कसं, या काळजीत ती मधल्या सुट्टीत टेबलाशीच घुटमळत होती, तेवढ्यात तिच्या पेन्सिलचं टोक मोडलं. स्टुडिओत पेन्सिल तासली तर शिशाची भुकटी कागदावर उडते म्हणून तीही बाहेरच तासायची. ती ब्लेड आणि पेन्सिल घेऊन जिन्यावर गेली, कठड्याला टेकली आणि तासायला लागली. कुणी विचारलं नाही, काय काम होतं म्हणून. सर बोलत राहिले. तात्याने बोलता बोलता आपली पेन्सिल पुढे केली, "एवढी माझीही कर गं." मग घारीची आली. मग पैलवानाची, चावून चावून उंदराने कुरतडल्यासारखी झालेली.

असं पट्टीला जिन्यावर उभं राहायचं कारण मिळालं, आणि तेही आयतं. तिचा हात चांगला होता. लाकूड लांब आणि निमुळतं उतरवायची, शिसं पॉलिशपेपरवर फिरवून सुईसारखं करायची. सर बोलता बोलता मागे न बघता हात पसरायचे आणि ती त्यांच्या हातात तासलेली पेन्सिल ठेवायची. ते दिवस फार सुखाचे गेले. जिन्यावर उबदार ऊन यायचं, खाली सायकलींच्या रांगा दिसायच्या, तासलेल्या लाकडाचा गोडसर वास सुटायचा आणि त्यात सरांचं बोलणं. घरी आईने वेणी हुंगली आणि म्हणाली, "आता सुताराकडे जातेस वाटतं?"

परीक्षक यायचे त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. पट्टीचा नकाशा शाईने पुरा झाला होता. समोरच्या भिंतीच्या चित्रात खिडकीची जागा तेवढी तिने कोरी ठेवली होती. सरांनी एकदा, शेवटचं, बोट ठेवून सांगावं म्हणून ती ट्रेसिंग घेऊन जिन्यावर आली. वारा होता. कागद फडफडायला लागला. अशा वेळी तिथे एक रीत होती. पैलवान गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा आणि त्याच्या पाठीचं टेबल व्हायचं. तसा तो वाकला. घारीने कागदाची एक बाजू धरली, तात्याने दुसरी.

सरांच्या एका हातात सिगरेट होती. दुसरा त्यांनी मागे पसरला, पट्टीने त्यात पेन्सिल दिली. सरांनी मान तिरकी केली. बराच वेळ बघितलं. आणि मग त्यांचे डोळे एकदम चमकले.

"अगं, तू इतके दिवस खालीच शोधत होतीस! वाचणारा बसतो, तर उजेड त्याच्या खांद्यावरून आला पाहिजे. वर घे. इथे!"

आणि त्यांनी जागा दाखवली. चुकीच्या हाताने.

पैलवान असा काही ओरडला की खालच्या झाडावरचे कावळे उडाले. तो सरळ उभा राहिला, कागद घारीच्या हातात आणि तात्याच्या हातात ताणला गेला, आणि मधल्या गोल भोकातून पट्टीला पलीकडचं आकाश दिसलं. भोकाची कड तपकिरी झाली होती आणि अजून सरकत होती. तात्याने ती चिमटीत दाबून विझवली.

सरांनी एकदा डाव्या हातातल्या पेन्सिलकडे पाहिलं, एकदा उजव्या हातातल्या सिगरेटकडे. त्यांचा चेहरा शाईची दौत सांडलेल्या मुलासारखा झाला.

"मला वाटलं, पेन्सिल आहे," ते म्हणाले.

पट्टीने जळका कागद हातात घेतला. उद्या परीक्षक. अख्खा नकाशा पुन्हा उतरवायचा. रडावं असं वाटलं, ओरडावं असंही वाटलं, आणि ओरडलं तर जिन्यावरची ही जागा गेलीच, हेही त्याच वेळी कळत होतं. केवढ्या खटपटीने मिळवलेली जागा. तिने सरांकडे बघितलं आणि ती बोललीच.

"सर, तुम्ही आत का नाही बोलत?"

"काय?"

"हे सगळं जे इथे सांगता ते. आत टेबलापाशी का नाही सांगत? आत 'हं' म्हणता. ते ऐकायला मी इथे आले. नको असलेली ओढली, खोकले, आईशी खोटं बोलायला निघाले. आत सांगितलं असतं तर माझा कागद जळला नसता."

"आणि माझा शर्ट," पैलवान पाठ चोळत म्हणाला.

सरांशी असं कुणी बोललं नव्हतं. सरांनी सिगरेट लोखंडावर दाबून विझवली, अगदी पूर्ण, पुन्हा पुन्हा दाबून.

"आत हातात काही नसतं गं," ते म्हणाले. "माझी जीभ अडते. लहानपणापासून." आणि मग दार उघडून म्हणाले, "चल."

पट्टीने नवा ट्रेसिंग पेपर बोर्डावर लावला. सरांनी एक स्टूल ओढलं आणि तिच्या टेबलाशेजारी बसले.

"मी तुझ्या नकाशाला हात लावणार नाही. तो तुझा आहे. पण तू उठेपर्यंत मी उठणारही नाही."

ते बसले खरे, पण त्यांच्या बोटांना चैन पडेना. खिशाकडे जात होती, परत येत होती. तोंडातून शब्द निघेना. पट्टीने रेघ ओढता ओढता ते बघितलं. मग तिने ब्लेड, पॉलिशपेपर, एक जुनं वर्तमानपत्र आणि साऱ्या वर्गाच्या बोथट पेन्सिलींचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"सर, तेवढी टोकं काढा. भुकटी वर्तमानपत्रात पडू द्या."

सरांनी पहिली पेन्सिल उचलली. लाकडाची कुरळी साल निघाली, वर्तमानपत्रात पडली. दुसरी निघाली. आणि तिसरीच्या सुमाराला सर बोलायला लागले. आधी वाचनालयाच्या खिडकीबद्दल, मग आपण बांधलेल्या पहिल्या घराबद्दल, ज्यात ते मोरी काढायलाच विसरले होते. जिन्यावरची मंडळी हसली तशी शेजारच्या टेबलांवरची मुलं स्टुलं घेऊन सरकली. जी कधी जिन्यावर गेली नव्हती, ज्यांना सर म्हणजे फक्त 'हं' एवढंच माहीत होतं, तीही आली. घारी पट्टीच्या पेनात शाई भरत होती. पैलवान वाळायला ठेवलेल्या रेघांवर फुंकर घालत होता. तात्या एकदा सिगरेटचं पाकीट घेऊन उठला, मागच्या दारापर्यंत गेला, तेवढ्यात सरांनी "आणि त्या मोरीचं पुढे काय झालं माहितेय?" अशी सुरुवात केली. तात्या दाराशी उभा राहिला, चुळबुळला आणि परत येऊन बसला.

दिवे लागायच्या वेळी पट्टीने शेवटची रेघ ओढली. खिडकी काढायची राहिली होती. चौकोनी काढायची म्हणून तिने फूटपट्टी उचलली आणि परत खाली ठेवली. कंपास घेतला. जळक्या कागदावरचं भोक नव्या कागदाखाली धरलं, आणि नेमक्या त्याच जागी गोल खिडकी काढली.

"मघापासून जिन्यावर कुणी गेलंच नाही," घारी एकदम म्हणाली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, जणू छत्री कुठेतरी विसरून आलो आहोत.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. जाड चष्म्याचे, कडक. पट्टीच्या नकाशापाशी थांबले आणि पेनाने खिडकीवर टकटक केली.

"सगळं सरळ रेषेत आणि ही एकटी गोल. का?"

"वाचणाऱ्याच्या खांद्यावरून उजेड यावा म्हणून, सर. आणि सकाळी उजेडाचा गोळा टेबलावरून सरकत जाईल, म्हणजे मुलांना वेळ कळेल."

परीक्षकांनी मान तिरकी केली. "सुचलं कसं?"

मागे उभ्या असलेल्या सरांना खोकल्याची उबळ आली. पैलवान छताकडे बघायला लागला.

"बोलता बोलता," पट्टी म्हणाली.

परीक्षक हसले, असं घारीचं म्हणणं. तात्याच्या मते त्यांचा चष्मा घसरला. पण त्यांनी त्या खिडकीभोवती पेन्सिलने एक टिकलीएवढी खूण केली आणि पुढे गेले. कॉलेजात तेवढं पुरे असायचं.

सर काही लगेच सुधारले नाहीत. घरी जाताना फाटकाबाहेर त्यांची काडी पेटायचीच. घारीनेही सोडायला बराच काळ घेतला आणि तात्या पुढे खरोखरीच पेन्शनर झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याची सोडवली. पण स्टुडिओतलं ते स्टूल मात्र तिथून हललं नाही. सर रोज यायचे, बसायचे, मागे न बघता हात पसरायचे आणि ज्याच्या टेबलाची पाळी असेल तो त्यात बोथट पेन्सिल ठेवायचा. पुढच्या वर्षी आलेल्या मुलांना वाटायचं की या कॉलेजात शिकवण्याची हीच पद्धत आहे. जिन्यावर नंतर पोरं जायची ती डबे उघडायला.

पैलवानाने तो शर्ट टाकला नाही. भोकाला त्याच्या आईने सुबक रफू केलं होतं. कधी फार रंगात आला की तो वळून पाठ दाखवायचा आणि नव्या मुलांना सांगायचा, "हा बघा, मूळ नकाशा."

आणि पट्टी? तिच्या वेणीला पुढे कितीतरी वर्षं तासलेल्या लाकडाचा गोडसर वास येत राहिला.